पाहुण्याची मासोळी

माझा बाप उभ्या आयुष्यात एक रात्र आंध्रात झोपला नाही. तरी सरकारच्या कागदावर तो चार वर्षं आंध्रचा रहिवासी होता. हे कुणा बाबूच्या चुकीनं झालं नाही की कुणा दुश्मनानं केलं नाही. मी केलं. त्याच्या अंगठ्याला शाई मी लावली आणि कागदावर तो अंगठा मीच दाबला. आता सांगायला बसलोच आहे तर सगळंच सांगतो, आडपडदा ठेवत नाही.

आमचं गाव गोंडपिपरी तालुक्यात, वर्धा नदीच्या अलीकडे. पलीकडे आंध्र. आता त्या भागाला तेलंगणा म्हणतात, पण माझ्या तोंडात आंध्रच बसलंय. नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा, हे आम्हाला शाळेतल्या नकाशावरून कळलं. एरवी ती नदी म्हणजे उन्हाळ्यात धोतर वर खोचून पार करायचं पाणी आणि पावसाळ्यात डोंग्याचा रस्ता. मिरची तिकडची, बाजार तिकडचा, माझी एक मावशीही तिकडेच दिलेली. गावातल्या निम्म्या घरांत दोन-दोन राशन कार्डं होती. एक इकडचं, बापजाद्यांपासूनचं. दुसरं तिकडचं, कारण तिकडे तांदूळ फार स्वस्त मिळायचा. यात कुणाला चोरी वाटत नव्हती. फक्त एक नियम सगळे पाळायचे, कुणी न शिकवता: तिकडचं कार्ड खुशाल काढ, पण इकडचं हातचं सोडू नको.

तो नियम मोडणारा मी गावातला पहिला शहाणा.

नव्वदच्या दशकात बारावी होऊन मी पलीकडच्या एका सिमेंट कारखान्यात लागलो, ठेकेदाराकडे. काम काट्यावर. ट्रक आला की वजन घ्यायचं, चिठ्ठी फाडायची, रजिस्टरात चढवायचं. तिकडेच एक खोली घेतली. शनिवारी संध्याकाळी घरी, सोमवारी पहाटे परत. घरी बा आणि आई. आम्ही ढिवर, गावच्या तलावातली मासेमारी आणि दोन एकर धानाची शेती, यावर घर चालायचं. मी लिहिता-वाचता होतो, त्यामुळे गावातले सगळे फॉर्म माझ्याकडे यायचे. लोक मला ‘वकील’ म्हणून चिडवायचे आणि मी मूर्ख, फुगून जायचो. कागद कसा पक्का पाहिजे, यावर मी तलाठ्यालासुद्धा भाषण दिलं असतं.

दोन वर्षांनी मी मोटारसायकल घेतली. तिकडच्याच दुकानातून, तिकडच्या नंबराची. लाइफ टॅक्स भरला आणि वाटलं, आता मरेपर्यंत कुणी काही विचारायला नको. राजुऱ्याच्या रस्त्यानं वळसा घालून दर शनिवारी गाडी गावात यायची. पोरंसोरं मागे पळायची. बा गाडीवर बसायचा नाही, पण संध्याकाळी पडवीत लावलेल्या गाडीवरची धूळ गमछ्यानं पुसायचा.

एका शनिवारी नाक्यावर आरटीओच्या साहेबानं अडवलं.

“आंध्रची गाडी. किती दिवस झाले इकडे चालवून राह्यला?”

“दीड वर्ष,” मी म्हणालो. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

“मग इकडचा टॅक्स भर. बारा महिन्यांच्या वर परराज्यातली गाडी इथं ठेवता येत नाही. नंबरही बदलून घे.”

“साहेब, टॅक्स भरलाय मी. तिकडे. आणि मी राहतोच तिकडे.”

“आईवडील?”

“इकडे.”

“राशन कार्ड?”

“इकडचंच.”

साहेब हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, “मग तू राह्यतोस कुठी रे भाऊ? नोकरी तिकडं, गाडी तिकडची, भाकर इकडं. काय ते एक ठरव आणि पंधरा दिवसांत कागद घेऊन ये. नाही तर टॅक्स भर.”

आज विचार करतो तर वाटतं, भरून टाकायला पाहिजे होता. त्यासाठी काही आईच्या अंगावरचा दागिना मोडावा लागला नसता. दोन-तीन महिने हात आखडता घेतला असता, विषय संपला असता. पण माझं डोकं फिरलं होतं. एकाच गाडीचा टॅक्स दोनदा? काऊन म्हणून? मी काय गाडी कापून अर्धी अर्धी दोन राज्यांत ठेवतो? घरी येईपर्यंत मी ठरवून टाकलं होतं की साहेबाला असा कागद दाखवायचा, की त्याची बोलती बंद झाली पाहिजे.

त्यात आणखी एक गोष्ट होती. कारखान्यात काही जणांना कायम करणार, अशी बातमी होती, आणि कायम करताना तिकडच्या रहिवाशांना आधी घेणार होते. म्हणजे तिकडचं राशन कार्ड झालं की गाडीचा टॅक्स वाचतो, नोकरी लागते आणि वर स्वस्त तांदूळ. मला माझ्या अकलेचा असा काही अभिमान वाटला की विचारू नका.

तालुक्याच्या पुरवठा शाखेत गेलो. बाबूनं कार्ड पाहिलं. “हे वडिलांच्या नावाचं आहे. तुमचं एकट्याचं नाव कमी करायला वेगळा अर्ज, चौकशी, दोन महिने धरून चला. आख्खं कार्डच जमा करत असाल, पूर्ण कुटुंब तिकडे गेलं म्हणून, तर दाखला आज देतो.”

दोन महिने मला परवडणारे नव्हते. साहेबाची मुदत पंधरा दिवसांची. मी बाबूला म्हणालो, करा आख्खं जमा, वडिलांचा अंगठा घेऊन येतो.

घरी सांगितलं तेव्हा आई चुलीपुढून उठून आली. तिला अक्षर येत नव्हतं, पण ती म्हणाली, “घरचं कार्ड काऊन देऊन राह्यला? राहू दे ना पेटीत. तिकडचं येगळं काढ. सारे तसंच करते.”

“दोन कार्डं ठेवणं गुन्हा हाय, आई. तुले त्यातलं काई समजत नाई.”

हे मी बोललो. कायद्याचं नाव घेऊन. आणि खिशात जो अर्ज होता त्यावर मीच माझ्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं की ‘मी व माझे कुटुंब कायमचे आंध्र प्रदेशात राहण्यास गेलो आहोत.’ खाली अर्जदार म्हणून बाचं नाव. आईला गप्प करून मी तो अर्ज बापुढे धरला.

बा पडवीत जाळं शिवत बसला होता. “काय व्हय हे?”

“काई नाई, बा. गाडीचं काम हाय.”

त्यानं अंगठा धोतराला पुसला आणि पुढे केला. वाचून दाखव, म्हणाला नाही. पोरगा शिकलेला, त्याला काय विचारायचं! त्याचा अंगठा जाळ्याच्या सुतानं चिरलेला होता, त्यामुळे ठसा नीट उमटेना. मी त्याचं मनगट धरून तो दुसऱ्यांदा दाबला. आजही कुणाचा अंगठा घ्यायची वेळ आली की मी तो कागद आधी मोठ्यानं वाचून दाखवतो. लोकांना वाटतं, वकिलाला सवय आहे.

पुढच्या आठवड्यात दोघांना डोंग्यानं पलीकडे नेलं. तिकडच्या कार्डावर कुटुंबाचा फोटो लागायचा. आईनं हिरवं लुगडं नेसलं, बानं धुतलेली टोपी घातली. मंडल कार्यालयाजवळच्या, म्हणजे तिकडच्या तहसिलीजवळच्या, स्टुडिओत त्यांना मी बाकावर बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिलो. कार्ड आलं. सगळं तेलगूत. आमच्यापैकी कुणालाच ते वाचता येत नव्हतं. आईबापाचा एकत्र असा तेवढाच फोटो आहे आमच्याकडे.

आरटीओच्या साहेबाला दोन्ही कागद दाखवले. त्यानं उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “पक्कं काम केलंस गड्या.” मी गाडीला किक मारली ती कॉलर ताठ करून.

आता तलावाचं सांगतो, म्हणजे मी काय करून बसलो ते कळेल.

आमच्या गावचा तलाव मासेमारांच्या सोसायटीकडे ठेक्यानं असायचा. सोसायटीचा सभासद गावचा रहिवासी पाहिजे, हा पहिला नियम. उन्हाळ्याच्या तोंडाला पाणी उतरलं की मोठं जाळं ओढायचा दिवस ठरायचा. त्या दिवशी अख्खं गाव तलावाच्या पाळीवर, बांधावर. नारळ फुटायचा. मग सोसायटीचा सेक्रेटरी रजिस्टर उघडून एकेक नाव पुकारायचा. ज्याचं नाव आलं त्यानं ‘हाय’ म्हणायचं आणि पाण्यात उतरायचं. नाव पुकारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, मग तो कुणीही असो. पहिलं नाव बाचं असायचं. जाळ्याचा पहिला दोर त्याच्या हातात, कारण तलावाचं बूड त्याच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. कुठे खड्डा, कुठे गाळ, कुठे बुडालेलं बाभळीचं खोड जाळं फाडेल, हे त्याचे पाय सांगायचे. जिथे तो वळेल तिथे जाळं वळायचं.

आणि आणखी एक रीत होती. ओढ झाली की पळसाच्या पानांवर सभासदांचे वाटे पडायचे. पण त्याआधी एक-एक मासोळी बाजूला निघायची. त्या दिवशी परगावचा जो कुणी पाळीवर हजर असेल, कुणाचा जावई, कुणाचा मामा, वाटसरूसुद्धा, त्याच्या हातावर एक मासोळी ठेवायची. पाहुण्याची मासोळी. आलेला माणूस रिकाम्या हातानं परत जायचा नाही.

कार्ड जमा केलं त्या वर्षीच सोसायटीचा ठेका नव्यानं व्हायचा होता. मत्स्य खात्याच्या ऑफिसनं सभासदांची यादी तपासायला मागितली, सोबत प्रत्येकाचं राशन कार्ड आणि तलाठ्याचा दाखला. सेक्रेटरी आमच्या घरी आला. बाच्या वयाचा, सरळ माणूस.

“भाऊ, तुमचं कार्ड द्या. तलाठी म्हणते, तुमचं कुटुंब आंध्रात गेलं.”

बा म्हणाला, “मी? मी तं इथीच हाय.”

शनिवारी मी घरी गेलो तेव्हा आईनं हे सगळं सांगितलं. बा नुसता माझ्याकडे पाहत बसला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला तेव्हाच कळलं होतं काय करायचं ते: तिकडच्या कार्डातून दोघांची नावं काढायची, इकडे परत अर्ज करायचा, यादी जायला दोन महिने होते. पण त्याच दोन महिन्यांत कारखान्यात कायम करायची चौकशी होती. अर्धं कुटुंब महाराष्ट्रात परत गेलं असं निघालं, की मी तिकडचा कसा? धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत.

मी बाला म्हणालो, “करतो मी, बा. होऊन जाते.”

आणि नाही केलं. विसरलो नाही, वेळ मिळाला नाही असंही नाही. मी मुद्दाम नाही केलं. अंगठा घेतला तेव्हा मला परिणाम माहीत नव्हता, असं निदान म्हणता येतं. या वेळी सगळं माहीत होतं. सेक्रेटरीनं दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा मी सांगितलं, कागद वर गेलाय. कागद माझ्या खोलीतल्या ट्रंकेत होता.

मी कायम झालो. साखर वाटली. महिन्याभरानं तलावाची ओढ होती, रविवारी. मी घरीच होतो.

बा नेहमीसारखा सकाळी तयार. धोतराचा काष्टा घट्ट मारलेला, डोक्याला गमछा. मी म्हणालो, “बा, या साली राहू दे ना. उगाच…”

“काऊन? तू म्हनला न, होऊन जाते?”

तिथेच सांगायला पाहिजे होतं. नाही सांगता आलं.

नारळ फुटला. बा पाण्याच्या काठाशी, त्याच्या नेहमीच्या जागी जाऊन उभा राहिला. सेक्रेटरीनं रजिस्टर उघडलं. त्याचा आवाज मुळात खणखणीत, त्या दिवशी बसल्यासारखा झाला होता. पहिलं नाव दुसऱ्याच कुणाचं आलं. तो माणूसही गोंधळला, बाकडे पाहून हळूच ‘हाय’ म्हणाला आणि पाण्यात उतरला. मग दुसरं नाव, तिसरं. बा प्रत्येक नावाला मान थोडी वर करायचा. रजिस्टर मिटलं तेव्हा काठावर तो एकटा उभा होता.

पाण्यातून एकानं हाक मारली, “या ना भाऊ, काय होते त्यानं! दोर तुमीच धरा.”

बा म्हणाला, “नाई रे. नाव नाई माह्यं. मी परराज्यातला माणूस.”

काही जण हसले. बाही हसला. मग तो काठावरच्या चपला गोळा करून एका रांगेत लावत बसला. मी पाळीवर वीस-पंचवीस पावलांवर होतो, पण माझ्यानं त्याच्याजवळ जाववलं नाही. जाळं बाभळीच्या खोडात अडकून फाटलं. बा उठून उभा राहिला, हातानं ‘डाव्या अंगानं, डाव्या अंगानं’ असं करायला लागला आणि मग आपणच हात खाली घेऊन बसला.

वाटे पडायच्या आधी सेक्रेटरी पाहुण्यांच्या मासोळ्या घेऊन निघाला. बापुढे येऊन थांबला. त्याचे डोळे भरले होते. वाटा देता येत नव्हता, रिकामं पाठवणं जीवावर आलं होतं. त्यानं एक चांगली मोठी मरळ बाच्या हातावर ठेवली. बानं ती कपाळाला लावली, जशी पाहुणे लावतात. घरी आईनं रस्सा केला. बा म्हणाला, पोट जड आहे, आणि कोरडा भात खाऊन उठला. मी जेवलो. आईनं वाढलं आणि मी मुकाट्यानं जेवलो. तो घास आठवला की आजही माझी मलाच किळस येते.

दुसऱ्याच दिवशी मी तिकडच्या मंडल कार्यालयात अर्ज टाकला. पण सरकारी कागद खोटा करायला एक दिवस लागतो आणि खरा करायला जन्म जातो. तिकडचा नाव कमी केल्याचा दाखला तेलगूत. इकडे तहसीलला मराठीत पाहिजे. भाषांतर केलं तर त्यावर शिक्का पाहिजे. शिक्का झाला तर साहेब म्हणाला, परत आल्याचा काय पुरावा? जो माणूस गेलाच नाही, त्याचा परत आल्याचा पुरावा कुठून आणू? मी ओरडलो, टेबलावर हात आपटला, एकदा तर मला बाहेर काढलं. चूक माझी आणि आवाजही माझाच मोठा. आधी एका वर्षाचं वास्तव्य दाखवा, म्हणाले. ते दाखवलं तर सोसायटीची यादी पुढच्या सालापर्यंत बंद. असे चार उन्हाळे गेले. चारही ओढींना बा पाळीवर जाऊन बसला. चपला सांभाळल्या. पाहुण्याची मासोळी कपाळाला लावून घरी आणली. मला त्यानं एकदाही विचारलं नाही, काऊन केलं म्हणून. विचारलं असतं तर काय सांगणार होतो? गाडीचा टॅक्स वाचवायला, बा. ती गाडीही मी तोवर विकून टाकली होती.

पाचव्या वर्षी नाव परत आलं. पण नवा सभासद म्हणून, यादीत सगळ्यांत शेवटी. त्याच्या डोळ्यांदेखत वाढलेल्या पोरांची नावं आधी पुकारली गेली. मी पाळीवर उभा. बाच्या गुडघ्यांनी तोवर जवाब दिला होता, काठी लागायची. शेवटचं नाव आलं.

“हाय!” बा एवढ्या जोरात ओरडला की सगळा तलाव हसला.

काठी टाकून तो पाण्यात उतरला. पहिला दोर आता दुसऱ्याकडे होता. बाला जाळ्याचं शेपूट मिळालं, पोरंसोरं धरतात ते. त्यानं ते धरलं. दोनदा बसला पाण्यात, पण सोडलं नाही.

ओढ झाली. पळसाच्या पानांवर वाटे पडले. सेक्रेटरी पाहुण्यांच्या मासोळ्या वाटत माझ्यापर्यंत आला, थबकला आणि पुढे गेला. सभासदाच्या पोराला पाहुण्याची मासोळी देत नाहीत. मला बरं वाटलं.

बा आपला वाटा टोपलीत भरत होता. मी टोपली उचलायला वाकलो. त्यानं माझा हात बाजूला केला, वाट्यातली एक मरळ उचलली आणि माझ्यापुढे धरली.

“घे. पाहुण्याची व्हय.”

मी म्हणालो, “बा, मी काय पाहुणा व्हय का?”

“मंग? नोकरी तिकडं, घर तिकडं, कागद तिकडचा. राह्यतं तं तिकडंच न तू आता.”

तो चिडवत होता की खरंच बोलत होता, मला तेव्हा कळलं नाही, आणि आता विचारायला तो नाही. त्याच्या आवाजात राग नव्हता. मासोळी अजून जिवंत होती, त्याच्या हातात वळवळत होती, आणि तो ती धरून माझी वाट पाहत होता.

मी दोन्ही हात पुढे केले, घेतली आणि कपाळाला लावली.